सासऱ्यांनी पारखून दिलेला टीव्ही

माझ्या सासऱ्यांना माल पारखता येतो, याबद्दल कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीच्या बाजारात कुणाचं दुमत नव्हतं. तिथं त्यांची आडत आहे. शेतकऱ्यानं पोती आणून टाकायची, यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठभर तूर वर काढायची, एक दाणा दाताखाली कट्कन फोडायचा आणि भाव बोलायचा. चाळीस वर्षं हेच केलं. त्यांनी बोललेल्या भावावर शेतकरी कुरकुरत आणि व्यापारीही कुरकुरत, म्हणजे भाव बरोबर असावा.

बायको त्यांना आप्पा म्हणते, ते तिला बाई म्हणतात. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, लग्नाला बावीस वर्षं झाली तरी. आमच्या दोघांत या बावीस वर्षांत एकदाही भांडण झालं नाही. त्याचं कारण असं, की आम्ही एकमेकांशी कधी मोकळेपणी बोललोच नाही. ते आले की मी 'प्रवास कसा झाला' विचारायचं, त्यांनी 'झकास' म्हणायचं. गाडीत उभं राहून आलेले असले तरी झकासच.

आम्ही सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात फ्लॅट घेतला तेव्हा मामांनी जाहीर केलं, की टीव्ही त्यांच्याकडून. नुसते पैसे द्यायचे नव्हते. स्वतः येऊन, बघून, पारखून घ्यायचा होता. सकाळच्या गाडीनं ते सोलापूरला आले आणि स्टेशनावरूनच आम्ही रिक्षानं नवी पेठेत गेलो.

दुकानाच्या भिंतीवर पंचवीस-तीस टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकच धबधबा. मामांनी विचारलं, "ह्यातला चांगला कुटला?"

विक्रेता म्हणाला, "काका, सगळेच चांगले आहेत."

"सगळाच माल चांगला कुटं असतोय व्हय?" मामा म्हणाले आणि कामाला लागले.

त्यांनी एकेका टीव्हीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मागं हात घालून कुठला किती तापलाय ते बघितलं. पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला. प्रत्येक पडद्यासमोर इतके जवळ जाऊन उभे राहिले, की त्यांचं नाक धबधब्यात भिजतंय असं वाटावं. दीड तास गेला. विक्रेत्यानं दोनदा चहा मागवला. शेवटी मामांनी खालच्या रांगेतल्या एका टीव्हीवर हात ठेवला. विक्रेत्यानं आतून त्याच मॉडेलचं बंद खोकं आणलं, मामांनी खोक्याच्या चारी कोपऱ्यांवर थाप मारली आणि म्हणाले, "माल बराबर हाय."

म्हणजे पारखला एक आणि घेतला दुसरा. पण हे मला तेव्हा सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोललो नसतो. ते इतक्या जवळून का बघत होते, हेही माझ्या लक्षात आलं नाही. मला ती बारकाई वाटली. बिल त्यांच्या नावानं झालं, मोबाइल नंबरही त्यांचाच लिहिला गेला, आणि दुपारच्या गाडीनं ते परत गेले.

दुसऱ्या दिवशी माणसं येऊन टीव्ही भिंतीवर लावून गेली. संध्याकाळी मी आणि बायको समोर बसलो. ती शाळेत शिकवते, मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. जाहिरात संपून पडदा क्षणभर काळा झाला आणि मला तो दिसला. खाली, मध्यापासून जरा डावीकडे, खसखशीएवढा हिरवा ठिपका.

इथं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, तिथं मी तपासणीला आहे. प्रखर दिव्याखालच्या टेबलावरून टॉवेल सरकत जातो आणि मी त्यातला सुटलेला धागा, तेलाचा डाग, तुटलेला काठ शोधतो. मला त्याचेच पैसे मिळतात. घरात मात्र या गुणाचं कुणी कौतुक करत नाही.

मी उठून पडद्यावरून रुमाल फिरवला. ठिपका तिथंच.

"काय करताय?" बायकोनं विचारलं.

"इथं काहीतरी आहे."

"मला नाही काही दिसत."

मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मी तिला हाताला धरून उठवलं, पडद्याजवळ नेलं आणि ठिपक्याखाली बोट ठेवलं.

"अगं बाई, हो," ती म्हणाली. ती परत जागेवर बसली. थोड्या वेळानं पेन खाली ठेवून म्हणाली, "आता मला तेवढाच दिसतोय. दाखवला नसता तर चाललं नसतं का?"

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी गोड आवाजात सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बिलावरच्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे सर, तो सांगा." बिलावरचा मोबाइल दुधनीला होता. मी फोन ठेवून दिला. पाच मिनिटांत मामांचा फोन.

"जावईबापू, टीव्हीवाल्यांचा कसलातरी नंबर आलाय. कुणालाबी सांगू नका म्हंतेत. तुमाला सांगू का?"

"नको मामा. चुकून आला असेल."

"आन् दुसरा बी मेसेज हाय. टीव्ही कसा वाटला, तारे द्या म्हणून. मी पाचीच्या पाची दाबले की!"

"बरं केलंत," मी म्हणालो.

त्या दिवशी आमचं ठरलं, की मामांना कळू द्यायचं नाही. बायकोचं म्हणणं असं, की आप्पांनी आयुष्यात कधी घरासाठी वस्तू घेतली नव्हती. तिच्या लग्नातली भांडीसुद्धा काकांनी निवडली होती. बाजारातून घरी येताना ते फक्त उडीद घेऊन येत. पहिल्यांदाच लेकीसाठी दुकानात दीड तास उभे राहिले, आणि त्यांना काय सांगायचं, खोट निघाली म्हणून? मला ते पटलं. शिवाय सांगायचं तर ते मला सांगावं लागलं असतं, आणि 'प्रवास कसा झाला' याच्या पलीकडचं वाक्य मला त्यांच्यापुढं तयार करता येत नव्हतं.

मग आम्ही ठिपक्यासोबत राहायला लागलो. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या हनुवटीवर तो गोंदल्यासारखा बसायचा. मालिकेत कुणी मेलं, की पांढऱ्या चादरीवर तो हटकून दिसायचा आणि बायकोचं रडू थांबायचं. मी सोफा उजवीकडे सरकवून बघितला, मग डावीकडे. उजेड कमी करून बघितला, तर माणसं काळवंडली आणि ठिपका होता तसाच राहिला. दिवसभर कारखान्यात मी असल्याच खोटीसाठी टॉवेल बाजूला काढायचो आणि संध्याकाळी घरी येऊन दोन-दोन तास एका खोटीकडे बघत बसायचो.

एका रविवारी बटणं दाबता दाबता क्रिकेटची मॅच लागली आणि ठिपका नाहीसा झाला. मी दचकलो. मग लक्षात आलं, हिरव्या मैदानात हिरवा ठिपका दिसत नव्हता. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही. शाळेत असल्यापासून त्या खेळाचा मला कंटाळा आहे. पण त्या दिवशी मी संपूर्ण मॅच बघितली, शांतपणे.

म्हणून मामा घरी येणार असले की आम्ही क्रिकेट लावून ठेवायला लागलो. मॅच नसली तर शेतीचा कार्यक्रम, त्यातही ऊस किंवा कोथिंबीर असली तर उत्तम. दोन-तीन वेळा असं झाल्यावर मामा लेकीला म्हणाले, "जावईबापूंना क्रिकेटचा लई नाद हाय की." पुढं तर मॅचच्या दिवशी त्यांचा फोन यायला लागला. "आज मॅच हाय बरं का, इसरू नका. दुपारी दोनला." त्यांनी माझ्यासाठी पेपरात वेळापत्रक शोधायला सुरुवात केली होती. जावयाची एक तरी आवड त्यांना सापडली होती आणि ते ती मनापासून जपत होते.

सहा-सात महिने असे गेले. मग मेव्हण्याचा फोन आला. मामांनी बाजारात किडकी तूर चांगल्या भावानं बोलली होती. एकदा नाही, दोनदा. लोक म्हणायला लागले होते, की म्हातारा सैल पडला. मेव्हणा म्हणाला, "आप्पा सैल न्हाय पडले. त्यांना दाणाच दिसंना झालाय." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. नवी पेठेतला तो दीड तास मला आठवला आणि मी ते बायकोला सांगितलं नाही.

मामांचा बेत गावाकडच्या शिबिरात ऑपरेशन करून घ्यायचा होता. मी म्हणालो, नाही, सोलापुरात चांगल्या डॉक्टरकडे करायचं, डॉक्टर मी बघतो. आणि मी खरोखर बघितला. तीन दवाखान्यांत जाऊन बाहेरच्या बाकावर बसलो. आतून येणाऱ्या पेशंटांना विचारलं, कसं वाटतंय, दुखलं का, किती दिसतं. तिसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचे पेशंट हसत बाहेर येत होते. मी त्यांना पसंत केलं. मामांना फोनवर हे सगळं सांगितलं. माझ्याकडून इतकं लांबलचक बोलणं त्यांनी प्रथमच ऐकलं असावं. म्हणाले, "तुमी पारखलंय म्हंजे बराबर असंल."

आधी उजव्या डोळ्याचं ठरलं. ऑपरेशन बघता बघता झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मामा आमच्या घरी काळा चष्मा लावून सोफ्यावर बसले. मधूनच चष्मा वर करून इकडंतिकडं बघत.

"तुमच्या भिंती पांढऱ्या हाईत व्हय? मला वाटलं हुतं पिवळा रंग दिलाय."

बायकोनं भाकरी वाढली तर ताटाकडे बघत राहिले. "ताटावर नक्षी हाय की गं."

ही नक्षी ते दहा वर्षं बोटांनी पुसत होते. आम्हाला आनंद झाला, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, आता आप्पांना ठिपका दिसेल."

डॉक्टरबाईंनी तिसऱ्या दिवसापासून थोडा वेळ टीव्ही बघायला परवानगी दिली होती. त्या दिवशी जगात कुठंही क्रिकेट चालू नव्हतं. मी एक जुनी मॅच शोधून लावली. मामांनी अर्धा तास ती बघितली आणि म्हणाले, "ही तर आपन मागंच जिंकलीया की." मी डोळ्याला ताण नको म्हणून टीव्ही बंद केला. आम्हाला दोघांनाही दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. बायको म्हणाली, "रिमोट लपवायचा का?" मी म्हणालो, "लपवला तर आपण काय सांगणार?" शेवटी रिमोट तसाच राहिला.

संध्याकाळी आलो तर टीव्ही बंद होता आणि मामा त्याच्यासमोर बसले होते.

"बघितला का टीव्ही?" बायकोनं विचारलं.

"बघितला. कन्नड बातम्या बघितल्या. टीव्ही झकास हाय."

एवढंच. मग जेवणं झाली. एरवी तीन भाकऱ्या खाणारा माणूस दीड भाकरीवर "साकु, साकु" म्हणून उठला. कन्नडमध्ये पुरे म्हणायचं म्हणजे विषय संपला, हे मला बावीस वर्षांत कळलेलं. पुढचे तीन-चार दिवस असेच. बोलणं कमी झालं. मी एकदा कारखान्यातून लवकर आलो तर मामा टीव्हीसमोर उभे होते. हातानं डावा डोळा झाकायचे, मग उजवा झाकायचे, मग परत डावा. मला बघून हात खाली घेतला. "डोळ्याचा व्यायाम," म्हणाले.

आमचा दोघांचा तर्क असा, की त्यांना ठिपका दिसला आहे, स्वतः पारखलेला माल खोटा निघाला म्हणून ते मनातून खचले आहेत, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलत नाहीत. बायको म्हणाली, "आपणच सांगून टाकू या." मी म्हणालो, "ते बोलत नाहीत म्हणजे त्यांना तो विषय नको असेल." हा विचार मला फार समंजसपणाचा वाटला होता.

आठव्या दिवशी तपासणी होती. मी सुट्टी काढून मामांना घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. मामांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं.

"छान! काही त्रास, आजोबा?"

मामांनी माझ्याकडे बघितलं. "काय न्हाय. लई झकास."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली आणि मला खालच्या मेडिकलमधून थेंब घेऊन यायला सांगितलं. मी गेलो. गर्दी होती, दहा-बारा मिनिटं लागली. परत आलो तर मामांची हनुवटी मशीनवर टेकवलेली होती आणि डॉक्टरबाई आत डोकावत होत्या.

"हे म्हणतात त्यांना ठिपका दिसतो," त्या मला म्हणाल्या. "हिरवा. खसखशीएवढा. तुम्हाला बोलले नाहीत का?"

मी थेंबांची पिशवी हातात धरून उभा होतो.

"कधी दिसतो, आजोबा?"

"टीव्ही लावला की. काळं काय आलं की जास्त. डावा डोळा झाकला तरी दिसतोय. उजवा झाकला की न्हाय दिसत. म्हंजे ह्याच डोळ्यात हाय."

हिशेब अगदी चोख होता. डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होता. त्याला आख्खी बातमीवाली बाई धड दिसत नव्हती, खसखस कुठून दिसणार!

डॉक्टरबाई म्हणाल्या, "वरून तर काही दिसत नाही. पडदा बघायला लागेल. थेंब टाकून बसवू या अर्धा-पाऊण तास."

ठिपका कुठल्या पडद्यावर आहे हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य मनात जुळवत होतो तोवर सिस्टर आल्या, त्यांनी मामांची मान मागं केली आणि थेंब टाकले. मामांनी चेहरा आवळला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, झोंबणार थोडं. बाहेर बाकावर डोळे मिटून बसा." मी हाताला धरून त्यांना बाहेर आणलं.

बाकावर ओळीनं सातआठ माणसं डोळे मिटून बसली होती. मामाही तसेच बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. जरा वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "जावईबापू, हाईसा का?"

"आहे मामा."

"तुमाला सांगायचं न्हवतं. तुमी एवढी धावपळ करून डॉक्टर बघितला. तीन-तीन दवाखाने हिंडलात. तुमाला वाईट वाटंल म्हणून गप हुतो."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

"बाईला सांगू नका. ती रडत बसंल. दुसऱ्या डोळ्याचं आता नको करायला. ह्याला काय झालंच, तर त्यो तरी धुरकट का हुईना, राहील."

मग मात्र मला बसवेना. मी त्यांच्या कानाजवळ वाकलो. "मामा, तुमच्या डोळ्यात काही नाही. ठिपका टीव्हीत आहे."

मामांनी खाडकन डोळे उघडले.

"आजोबा, डोळे मिटा!" सिस्टर टेबलावरून ओरडल्या. त्यांनी मिटले.

"टीव्हीत?"

"हो. खाली, जरा डावीकडे."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासून."

"बाईला ठाऊक हाय?"

"हो."

मिटलेल्या पापण्यांतून थेंबाचं पाणी गालावर आलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "आन् ते क्रिकेट?"

"मैदान हिरवं असतं, मामा. त्यात तो दिसत नाही. मला क्रिकेट आवडत नाही."

त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पलीकडे बसलेल्या बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "आजोबांना लई झोंबाय लागलंय वाटतं." मामा हसत होते. आवाज न करता, पोट धरून. मलाही हसू यायला लागलं. बावीस वर्षांत आम्ही दोघं असे शेजारी बसून कधी हसलो नव्हतो. पण ते माझ्याआधी थांबले.

"मंग थेंब घालायच्या आधी का न्हाय बोललात?" ते म्हणाले.

तेवढ्यात सिस्टरनी आत बोलावलं आणि मी त्यांना हाताला धरून उठवलं.

डॉक्टरबाईंनी पडदा तपासला. तो उत्तम होता. मामांनीच त्यांना सांगितलं, "ठिपका टीव्हीचा निघाला." डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि चिठ्ठीवर पुढची तारीख लिहिली. बाहेर उन्हात मामांना डोळे उघडवेनात, बाहुल्या मोठ्या झालेल्या. रिक्षात ते टॉवेल तोंडावर घेऊन बसले. टॉवेल आमच्याच कारखान्यातला होता.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. आप्पा चार दिवस एक डोळा गेला असं धरून बसले होते, हे ऐकून ती आधी त्यांच्याजवळ जाऊन बसली. मग थेंबांचं ऐकलं तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. ती म्हणाली, "तुम्ही तिथं उभे होतात ना? मग?" आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मामांना मात्र नवा हुरूप आला. खोट मालात आहे म्हटल्यावर त्यांना काय करायचं हे माहीत होतं. स्वतःच्या मोबाइलवरून त्यांनी स्वतः कंपनीला फोन लावला, ओटीपी मोठ्यानं वाचून सांगितला आणि तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, नाकावर वाचायचा चष्मा. तो पडद्यासमोर वाकला, बाजूनं बघितलं, खालून बघितलं.

"कुठं आहे, काका?"

"हितं की!" मामांनी लांबूनच बोट दाखवलं. "दिसंना व्हय तुमाला? मला हितनं दिसतोय."

त्यांच्या आवाजात एवढा अभिमान मी तुरीचा भाव बोलतानाही ऐकला नव्हता. त्या माणसानं चष्मा पुसून परत बघितलं, तेव्हा त्याला सापडला. तो म्हणाला, "काका, असा एक ठिपका कंपनी दोष धरत नाही. यात लाखो ठिपके असतात. त्यातला एक अडकलाय. जास्त असते तर पॅनल बदलून दिला असता."

"एक असला तर चालतोय?"

"तुमचा धंदा काय, काका?"

"आडत. दुधनीला."

"मग तुम्हीच सांगा. तुरीच्या पोत्यात एक खडा निघाला तर पोतं परत पाठवता का?"

मला वाटलं आता मामा उसळतील. पण ते विचारात पडले. प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता आणि त्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नाही. शेवटी म्हणाले, "परत न्हाय पाठवत. कडता घेतो." कचरा-माती असते म्हणून पोत्यामागं थोडं वजन कापून धरतात, त्याला बाजारात कडता म्हणतात. त्या माणसालाही ते पटलं. चहा घेऊन, मामांची सही घेऊन तो गेला. जिना उतरेपर्यंत मोबाइलवर मेसेज आला, सेवा कशी वाटली, तारे द्या. मामांनी चष्म्याशिवाय तो वाचला, चार तारे दाबले आणि मोबाइल खिशात टाकला.

"एक कडता," म्हणाले.

ते दुधनीला परत गेले. टीव्ही तसाच आहे. आता आम्ही काहीही बघतो. मॅचच्या दिवशी मामांचा फोन येणं बंद झालं. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मला चुकल्यासारखं वाटलं. एका रविवारी मी आपण होऊन मॅच लावली आणि दहा मिनिटांत बंद केली. तो खेळ मला अजूनही आवडत नव्हता.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दोन महिन्यांनी त्याच डॉक्टरबाईंकडे झालं. मी सुट्टीचा अर्ज लिहून ठेवला होता. पण मामा दुधनीहून येतानाच ठरवून आले होते. "जावईबापूंना कारखान्यात काम असतंय. बाई येईल माझ्यासंगं." बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं शाळेतून रजा घेतली आणि दोघं सकाळी रिक्षानं गेले. मी कारखान्यात गेलो. त्या दिवशी माझ्या टेबलावरून दोन डाग तसेच पुढं गेले. दुसऱ्या तपासणीत सापडले.

दुपारी अर्धी सुट्टी टाकून घरी आलो. दार मीच उघडलं. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून मामा आत आले, डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, उजव्यावर काळा चष्मा. मी त्यांचा दुसरा हात धरला आणि सोफ्यावर बसवलं.

"प्रवास कसा झाला?" मी विचारलं. दवाखाना दोन किलोमीटरवर होता. पण दुसरं काही सुचलं नाही.

"झकास," मामा म्हणाले. पण त्यांनी माझा हात सोडला नाही. जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "जावईबापू, काय असलं तर आत्ताच सांगून टाका. उद्या पट्टी निघणार हाय."

मी विचार केला. बेडरूमच्या भिंतीला गेल्या पावसाळ्यापासून ओल येत होती, ते सांगितलं. बायकोला गुडघ्याचा त्रास आहे आणि ती तो त्यांच्यापासून लपवते, हे सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. मग मी केस रंगवतो, तेही सांगितलं.

"त्ये ठाऊक हाय," मामा म्हणाले. "त्याला डोळे कशाला लागत्यात?"